खानावळीसमोरची गाडी

आमची खानावळ सोलापुरात एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सासऱ्यांनी ती सुरू केली तेव्हा भाकऱ्या सासूबाई थापायच्या आणि सासरे ताटं वाढायचे. मी लग्न होऊन अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यातून इथे आले तेव्हा सासरे थकले होते आणि गल्ल्यावर यजमान बसायला लागले होते. घरात आम्ही कन्नड बोलतो, गिऱ्हाइकांशी मराठी. येणारा दक्षिण सोलापूरकडचा वाटला की यजमान दारातूनच 'बर्री, बर्री', या, या म्हणतात आणि तो माणूस अर्धा घरचा होऊन आत येतो.

जेवण सासऱ्यांच्या वेळचंच आहे. ज्वारीची भाकरी, पाहिजे तर गरम, पाहिजे तर कडक. शेंगाची चटणी आणि तिच्यावर दही, झुणका, एक पातळ भाजी, एक उसळ, भात. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. कोर्टात तारखेला आलेली माणसं, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेली माणसं, मार्केट यार्डात कांदा घालून मोकळे झालेले शेतकरी आणि महिन्याचे डबे लावलेली कॉलेजची मुलं, ही आमची गिऱ्हाइकं. आमच्यासमोर कुणी दुसरं हॉटेल काढेल अशी भीती आम्हाला कधी वाटली नव्हती. समोर जागाच नव्हती. समोर एका बंद गिरणीची लांबलचक भिंत होती आणि भिंतीला लागून रस्ता.

त्या भिंतीला लागूनच एका उन्हाळ्यात ती गाडी उभी राहिली. मी आधी समजले की कुणाचं तरी सामान उतरतंय. काळ्या रंगाचा टेम्पो, त्याच्यावर पिवळी अक्षरं. मग एका बाजूचा पत्रा वर उचलला गेला, त्याचंच छप्पर झालं, आणि आत शेगडी, फ्रीज, बरण्या, लटकवलेले दिवे असं सगळं स्वयंपाकघर उघडं पडलं. पेपरात ज्याला फूड ट्रक म्हणतात तो हाच, असं डबेवाल्या मुलांपैकी एकानं सांगितलं. आम्ही तिला शेवटपर्यंत गाडीच म्हणत राहिलो.

गाडीवाला तिशीचा असेल. मूळचा मंद्रूपचा. पुण्यात हॉटेलचं शिक्षण घेऊन तिथल्याच एका मोठ्या हॉटेलात काही वर्षं काढली होती आणि आता स्वतःचं काहीतरी करायला परत आला होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी आमच्या गल्ल्यासमोर उभं राहून सांगितलं. हातात कागदाची डिश होती.

"काका, समोर गाडी लावतोय. तुमचा आशीर्वाद पायजे," तो म्हणाला.

यजमानांनी विचारलं, काय विकणार? तो म्हणाला, भाकरीच, पण नव्या पद्धतीनं. डिशमध्ये एक तळहाताएवढी भाकरी दुमडलेली होती, आत झुणका आणि वरून किसलेलं चीज.

"माझ्या दारात भाकरी विकणार?" यजमान म्हणाले.

"दारात न्हाय काका. रस्त्याच्या पलीकडं."

यजमानांनी डिश गल्ल्याच्या कडेला सरकवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायला लागले. गाडीवाला परत गेला. डिश मी आत नेली आणि एक घास खाऊन बघितला. झुणका वाईट नव्हता. भाकरी मात्र कच्ची होती आणि दुमडली तिथे फाटली होती. मला बरं वाटलं. अशी भाकरी विकणारा महिनाभरही टिकणार नाही, असं मी त्या दुपारी सगळ्यांना सांगितलं.

तो टिकला. संध्याकाळ झाली की दिवे लागायचे, गाणी सुरू व्हायची, पाण्याचा फवारा उडवणारा पंखा लागायचा, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या पंख्यासाठीच माणसं तिथे जाऊन उभी राहतील अशी स्थिती होती. कॉलेजच्या मुली यायच्या, ज्या आमच्याकडे कधी आल्या नव्हत्या. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मग आमच्या डबेवाल्या मुलांपैकी दोघे-तिघे 'आज भूक नाही काकू' म्हणायला लागले आणि तासाभरानं मला तेच तिकडे हातात कागदी डिश घेऊन दिसायला लागले.

खरं भांडण पाण्यावरून सुरू झालं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. ते भरून ठेवायचं, कमी पडलं की टँकर मागवायचा, आणि ते ताटं धुण्यापासून पिण्यापर्यंत पुरवायचं. गाडीवाल्याकडे पाण्याचे दोन जार असायचे. तिखट खाल्लेली माणसं रस्ता ओलांडून आमच्याकडे यायची, आमच्या फिल्टरचं पाणी प्यायची, आमच्या बेसिनवर हात धुवायची आणि आमच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारायची. उठून गेल्यावर मागे कागदी डिशा राहायच्या. सकाळी त्या मी झाडायची.

मी यजमानांना म्हटलं की त्याला एकदा नीट सांगा. ते गेले. तो म्हणाला, मी काही कुणाला तिकडे पाठवत नाही, लोक आपल्या मनानं जातात, आणि तहानलेल्याला पाणी द्यायला तुम्हाला काय होतंय. यजमान परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून बेसिनच्या वर पाटी लावली: पाणी फक्त जेवणाऱ्यांसाठी. सासरे असते तर त्यांनी ती फाडून टाकली असती. मी हे बोलून दाखवलं नाही. डिशा मलाही झाडाव्या लागत होत्या.

त्या पाटीनं आमचा घात केला. एका संध्याकाळी एक मुलगा मोबाइल हातात धरून आत आला, सरळ फिल्टरकडे गेला आणि यजमानांनी त्याला अडवलं. मुलगा म्हणाला, काका, पाणीच पितोय. यजमान म्हणाले, "जेवायचं तर बस, न्हाय तर चालायला लाग." त्या मुलाचा मोबाइल चालू होता. दोन दिवसांत तो व्हिडिओ सगळ्या गावानं बघितला. आधी यजमानांचा चेहरा, मग ती पाटी, मग समोरची गाडी, दिवे, हसणारी माणसं, आणि वर अक्षरं, की जुनी खानावळ आणि नवी गाडी, तुम्हीच ठरवा. वळसंगला माझी एक मावसबहीण आहे, तिचाही फोन आला. भावजी असे कधी नव्हते गं, असं ती म्हणाली. यजमानांनी तो व्हिडिओ एकदाच बघितला. मग माझा मोबाइल पालथा ठेवला आणि गल्ल्याचा ड्रॉवर उगाच उघडून बंद केला. गाडीवाल्यानंच तो काढायला लावला अशी त्यांची खात्री होती. मला तेव्हाही ती खात्री नव्हती आणि आजही नाही. पण मी त्यांच्या बाजूनं होते. रस्त्यात समोरून गाडीवाला आला तर मी पदर सावरून दुसरीकडे बघायची.

आमच्याकडे भाकरी करायला एक मावशी होत्या. वळसंगच्या. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून त्याच भाकऱ्या थापत होत्या. सकाळच्या एसटीनं येत आणि संध्याकाळी जात. त्यांची कडक भाकरी पापडासारखी पातळ असायची आणि मोडताना टणकन आवाज यायचा. लोक आमच्याकडे येत ते त्या भाकरीसाठी, हे आम्हाला ठाऊक होतं आणि गाडीवाल्यालाही ठाऊक झालं होतं.

एका दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर मावशींनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर खाली बसल्या. आम्ही एकमेकींशी नेहमी कन्नडच बोलायचो. त्या दिवशी त्या मराठीत बोलल्या. तेव्हाच मला कळलं की ठरवून आल्या आहेत.

"वैनी, सोमवारपास्नं मी येनार न्हाय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, बरं नाही का? त्या म्हणाल्या, बरं आहे, मी समोर जाते आहे. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग मी पगाराचं विचारलं. तो जास्त देतो हे त्यांनी सरळ सांगितलं. मी म्हटलं, आम्हीही वाढवू, यजमानांशी आत्ता बोलते. त्यांनी मान हलवली.

"पैशाचं हाय, पर नुस्तं पैशाचं न्हाय. हितं मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसते. तितं मानसं समोर हुबी ऱ्हातात. बगतात. मावशी, कसं करता म्हून इचारतात. इतकी वर्सं हितं मला कोन बगितलं?"

"मी बघितलं की. रोज बघितलं."

"तुमी भाकरी बगितली," मावशी म्हणाल्या.

मला फार राग आला. सासूबाईंच्या आजारपणात त्यांनी केलेलं, त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाला आम्ही केलेलं, सगळं एकदम आठवलं. मी म्हटलं, "मग जा. पण परत या दारात येऊ नका." त्या उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. सोमवारपर्यंतसुद्धा थांबल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यापासून त्या समोर, माझ्या डोळ्यांदेखत भाकऱ्या थापायला लागल्या. गाडीवाल्यानं त्यांच्यासाठी गाडीला लागून वेगळी शेगडी आणि उंच ओटा करून घेतला होता. मावशी नव्या निळ्या इरकलीत उभ्या राहून थापायच्या आणि भोवती पोरं मोबाइल धरून उभी. गाणी थांबली की थापण्याचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात यायचा. इकडे मी आणि नव्यानं ठेवलेली एक बाई मिळून भाकऱ्या करत होतो. गरम भाकरी निभायची. कडक भाकरी कधी जाड व्हायची, कधी करपायची. एका जुन्या गिऱ्हाइकानं, मार्केट यार्डातल्या हमालानं, भाकरी मोडून बघितली, ताटात ठेवली आणि उठून समोर गेला. मी ते आतून बघत होते. त्या दिवशी त्या गाडीवर वीज पडावी असं मला मनापासून वाटलं.

शहरातल्या हॉटेलवाल्यांची एक संघटना आहे. यजमान कधी तिच्या बैठकीला जात नसत. आता जायला लागले. तिथे सगळ्यांचीच ओरड होती. आम्ही भाडं भरतो, लायसन काढतो, लाइटबिल भरतो, आणि हे चाकांवर येऊन आमच्या तोंडचं गिऱ्हाईक घेऊन जातात. गाडीवाल्यांचंही म्हणणं होतं, ते पेपरात यायचं. आम्ही बेकारीत घरी बसायचं का, रस्ता काय हॉटेलवाल्यांच्या बापाचा आहे का. शेवटी बैठकीत ठरलं की ज्याच्या दारासमोर गाडी आहे त्यानं आपापल्या नावानं तक्रार द्यायची. यजमानांनी दिली.

अतिक्रमण हटवणारं पथक आलं ते सकाळी अकराच्या सुमाराला. एक जीप, एक ट्रक, मागे जेसीबी. गाडीवाल्याला कुठून तरी आधीच कळलं असणार. जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यानं पत्रा खाली घेतला, ओटा आत ओढला, मावशींना पुढच्या सीटवर बसवलं आणि गाडी सुरू करून निघून गेला. पथक आलं तेव्हा गिरणीच्या भिंतीशी नुसता ओला रस्ता होता.

जीपमधून साहेब उतरले. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग वळून आमच्याकडे बघितलं. आमच्या दारापुढे पत्र्याची शेड होती, सासऱ्यांनी घातलेली. तिच्याखाली दोन बाकं, पायऱ्या आणि रस्त्याकडे झुकलेला बोर्ड. हे सगळं गटारीच्या पुढे आलेलं होतं. सगळ्या रस्त्याला माहीत होतं आणि कधी कुणी काही बोललं नव्हतं.

"तक्रार कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी," यजमान म्हणाले.

साहेबांनी टेप काढायला सांगितला. यजमान त्यांना समजावत होते की तक्रार समोरच्या गाडीची आहे. साहेब शांतपणे म्हणाले की गाडी तर दिसत नाही, आणि जे दिसतं ते सोडून गेलो तर उद्या तोच गाडीवाला पथकावर तक्रार करेल. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. आम्हाला बाकं आणि बोर्ड आत घ्यायला वेळ दिला. मग जेसीबीनं शेड ओढली. पायऱ्या फोडल्या. आत जेवत बसलेले दोघे अर्ध्या ताटावरून उठून दारात आले आणि बघत उभे राहिले. ते दोघे जायला निघाले तेव्हा फुटक्या पायऱ्यांवरून कसं उतरायचं हे कळेना, म्हणून मी त्यांचा हात धरून त्यांना खाली घेतलं.

त्या दिवशी खानावळ बंदच ठेवली. दुपारभर आम्ही विटांचे तुकडे गोळा केले. संध्याकाळ व्हायच्या आतच समोर गाडी आली. तोच पत्रा वर, तीच गाणी. मावशी ओट्यामागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकदा इकडे बघितलं. मग मान खाली घालून पीठ मळायला घेतलं.

यजमान दारात फरशी धूत होते. सिमेंटच्या धुळीनं पाणी पांढरं झालं होतं. समोर जमलेल्या पोरांतल्या एकानं आमच्या मोडक्या दाराचा फोटो काढला आणि काहीतरी बोलला. सगळे हसले. गाडीवाला त्या हसण्यात होता. तो रस्त्यापलीकडूनच म्हणाला, "काका, तुमी पन आता चाकं लावून घ्या की."

यजमानांनी बादली उचलली. मला वाटलं पाणी गटारीत ओततील. ते रस्ता ओलांडून गेले आणि अख्खी बादली मावशींच्या ओट्याजवळच्या शेगडीवर फेकली. तवा तापलेला होता. फस्स करून वाफेचा ढग उठला, पोरं मागे पळाली, आणि ढग विरला तेव्हा मावशी ओट्याच्या मागे खाली बसल्या होत्या, उजवा हात डाव्या हातात धरून. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता.

गाडीवाल्यानं यजमानांची कॉलर धरली. दोघेही शिव्या देत होते. यजमानांच्या तोंडून तशा शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. लोक सोडवायला धावले. मी मावशींकडे गेले, त्यांना दंडाला धरून उठवलं आणि आमच्या खानावळीत नेलं, कारण पाणी आमच्याकडेच होतं. पिंप उघडून त्यांच्या हातावर तांब्यामागून तांब्या ओतत राहिले. मनगटापासून बोटांपर्यंत कातडी लाल झाली होती आणि तळव्यावर फोड यायला लागले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. गाडीवाला दाराबाहेर येऊन थांबला, आत आला नाही. रिक्षा आणली आहे, असं त्यानं मावशींना सांगितलं. मी त्यांच्याबरोबर निघाले तर म्हणाला, "तुमी येऊ नका." मी दुसरी रिक्षा केली.

दवाखान्यात एका बाकाच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी, असे आम्ही बसलो होतो. आत मावशींचा हात बांधत होते.

"तुमच्या मानसाला मी आत टाकनार," तो म्हणाला.

"टाक," मी म्हटलं. "पण आधी तिथं सांग, रस्त्यावर गॅस पेटवायची परवानगी तुला कुणी दिली ते."

तो म्हणाला, मी तुमच्याकडे पहिल्या दिवशी आशीर्वाद मागायला आलो होतो. मी म्हटलं, आणि नंतर आमच्या घरातलं माणूस फोडून नेलंस. तो म्हणाला, माणूस काय तुमचं दावणीचं जनावर होतं का. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि आत मावशी होत्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पोलीस चौकीत बोलावलं. यजमान रात्रभर झोपले नव्हते आणि दाढी न करताच आले होते. गाडीवाल्याबरोबर त्याचे चार-पाच गाडीवाले मित्र होते, आमच्याबरोबर संघटनेचे दोघे. दोन्ही बाजू एकदम बोलायला लागल्या तेव्हा फौजदारांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि आधी मावशींना विचारलं. मी दारातच होते, मला ऐकू येत होतं.

"पानी खानावळीच्या मालकांनीच टाकलं," मावशी म्हणाल्या. "माज्यावर टाकलं न्हाय, शेगडीवर टाकलं. पर मी तितं हाय हे त्यांना दिसत हुतं."

केस करायची का, असं फौजदारांनी विचारलं.

"मला केस नगो सायेब. मला हात पायजे."

पुढचं सगळं त्या वाक्यावरून ठरलं. दवाखान्याचा खर्च यजमानांनी करायचा आणि पुन्हा असं होणार नाही असं लिहून द्यायचं. गाडीवाल्यानं त्या रस्त्यावर गाडी लावायची नाही. दोघांनी सह्या केल्या. सही करताना कुणीही दुसऱ्याकडे बघितलं नाही. बाहेर पडल्यावर यजमान मावशींपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. मावशी त्यांच्या बाजूनं निघून गेल्या, जसं रस्त्यातल्या खांबाच्या बाजूनं जातात.

गाडी गेली. विजापूर रोडकडे कुठेतरी लावतो असं कळलं, आणि तिथे गर्दीही चांगली असते असंही कळलं. संघटनेच्या पुढच्या बैठकीत यजमानांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला, आपल्यातल्या एकानं तरी गाडी हटवून दाखवली म्हणून. त्यांनी ती शाल घरी आणून कपाटावर टाकली. त्यानंतर ते बैठकीला गेले नाहीत.

आपल्याला गिऱ्हाईक परत मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. काही मिळालं, कोर्टाची आणि दवाखान्याची माणसं येतच होती. मुलं आली नाहीत. व्हिडिओ विसरला गेला होता, पण त्यांना आता आमच्याकडे बसून जेवायची सवय राहिली नव्हती. गिरणीच्या भिंतीला लागून दुचाक्या उभ्या राहायला लागल्या.

महिन्या-दीड महिन्यानं मी वळसंगला गेले. मावशींची सून बाहेर आली, तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मावशी ओसरीवर बसल्या होत्या. पट्टी निघाली होती. तळव्याची कातडी आवळली होती आणि बोटं पूर्ण उघडत नव्हती. व्यायाम सांगितलाय, हळूहळू सुटेल, असं सून म्हणाली.

"ऊटा आयतेन्री?" मावशींनी मला विचारलं, जेवण झालं का. अनोळखी माणसालाही विचारतात तसं.

मी म्हटलं, झालं. मग मी त्यांना परत यायला सांगितलं. थापू नका, नुसत्या खुर्चीवर बसा, बायकांना दाखवा, पूर्वीचाच पगार राहील, आणि बसायचं ते आत नाही, दर्शनी जागेत. मी बरंच काही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुमीच म्हनला हुता, परत या दारात येऊ नका म्हून," त्या म्हणाल्या.

मी चहा संपवला आणि उठले. त्यांनी थांबा म्हटलं नाही.

आता कडक भाकरी मीच करते. बरी जमते. जुनी गिऱ्हाइकं खातात, पण कुणी वाखाणत नाही. ज्वारी घ्यायला मी मधूनमधून मंद्रूपच्या बाजारला जाते, तिथे मालदांडी चांगली मिळते. गेल्या हिवाळ्यात अशीच गेले होते. एका आडत्याकडे पांढरीशुभ्र, टपोरी ज्वारी होती, एकच पोतं उरलं होतं. मी मूठ भरून बघत होते तेवढ्यात पोत्यात दुसरा हात आला. गाडीवाला होता. थोडा जाड झाला होता.

"काकू, हे पोतं मी सकाळीच बगून ठेवलंय," तो म्हणाला.

मी म्हटलं, बघून ठेवलं म्हणजे घेतलं होत नाही. आडत्या आम्हा दोघांनाही ओळखत होता, तो हिशेबात डोकं घालून बसला. मग त्यानं विचारलं, मावशी कशा आहेत. मी म्हटलं, तुला माहीत असेल, तुझ्याकडेच होत्या ना.

"दोनदा गेलतो," तो म्हणाला. "भाईर आल्या न्हाईत. सुनेनं सांगितलं, झोपल्यात म्हून. सकाळी अकराला."

"कुणामुळं?"

"पानी कुनी टाकलं?"

"आणि चाकं लावायला कुणी सांगितलं?"

आवाज चढले. आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. तो म्हणाला की तुमच्या माणसामुळे माझी जागा गेली. मी म्हटलं की तुझ्यामुळे माझ्या सासऱ्यांची शेड गेली. कुणीतरी मध्ये पडून म्हणालं, ताई, बाजारात कशाला. त्यानं हातातली ज्वारी पोत्यात टाकली, घ्या तुम्हीच म्हणाला आणि निघून गेला. त्यानं दिलेलं घ्यायचं माझ्यानं होईना. मी पुढच्या आडत्याकडे जाऊन मिळेल ते पोतं घेतलं आणि रिक्षात टाकून आणलं.

यजमानांनी पोतं उसवलं, ओंजळीत ज्वारी घेऊन उजेडाला धरली. दाणा बारीक होता आणि थोडा काळपट. एवढ्या लांब जाऊन हीच मिळाली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चांगली संपली होती. तिथे कोण भेटलं ते मी त्यांना सांगितलं नाही.

"ही कडक भाकरीला चालायची न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग गरमच वाढू, आणि पोतं आत ओढायला लागले.